गट मोडतो तिथून पुढे

‘विद्यार्थी देवाणघेवाण’ या एकाच नावाखाली सध्या दोन अगदी निराळे प्रवास खपतात. पहिल्या प्रवासात शाळेची तीस-चाळीस मुले दोन-तीन शिक्षकांबरोबर दहा-बारा दिवस परदेशी जातात, तिथल्या एखाद्या शाळेला भेट देतात, संग्रहालये पाहतात, रात्री हॉटेलात एकत्र झोपतात आणि जशी गेली तशीच परत येतात. दुसऱ्या प्रवासातही मुले गटानेच विमानात बसतात. पण तिकडे उतरल्यावर दोन-चार दिवसांचे शिबिर होते आणि गट पांगतो. एक मुलगी ओहायोतल्या एखाद्या गावी जाते, दुसरा मुलगा जर्मनीतल्या कसब्यात, आणि पुढचे दहा-अकरा महिने ज्याचे त्याने अनोळखी कुटुंबात काढायचे असतात. गट पुन्हा एकत्र येतो तो परतीच्या वेळी. पहिल्या प्रकाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती सहल आहे आणि सहलीचे म्हणून जे काही मोल असते ते तिला आहेच. पण ‘मूल जगाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते’, ‘स्वतःच्या पायावर उभे राहते’ असे जे फायदे माहितीपत्रकांत छापलेले असतात, ते दुसऱ्या प्रकाराचे आहेत. तिथेही ते परदेशाच्या हवापाण्यामुळे मिळत नाहीत. गट मोडतो आणि मुक्काम लांबतो, या दोन कारणांनी ते मिळतात.

या दुसऱ्या प्रकाराचा उगम शाळेत झालेला नाही, रणांगणावर झाला आहे. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा पॅरिसजवळच्या नुई इथल्या अमेरिकन रुग्णालयाने जखमींची ने-आण करायला फोर्डच्या मॉडेल टी गाड्या वापरायला सुरुवात केली. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. गाड्या चालवणारे तरुण स्वयंसेवक होते. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवलेले आणि अमेरिकेच्या अर्थखात्यात वरच्या पदावर राहिलेले ए. पियाट अँड्र्यू यांनी 1915 साली फ्रेंच सैन्याशी बोलणी करून या गाड्या थेट आघाडीवर नेल्या. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, म्हणजे आजची ‘एएफएस’, ती हीच. पहिल्या युद्धात तिचे 127 चालक मेले. दुसऱ्या महायुद्धात संस्था पुन्हा उभी राहिली; तिचे चालक उत्तर आफ्रिका आणि इटलीबरोबर भारत-ब्रह्मदेश सीमेवरही ब्रिटिश फौजांच्या जखमींना वाहत होते. युद्ध संपल्यावर संस्थेचे प्रमुख स्टीफन गॅलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता, की आता करायचे काय? पहिल्या युद्धानंतर त्यांनी फ्रान्स आणि अमेरिकेच्या विद्यापीठांत पदवीधरांच्या शिष्यवृत्त्या चालवल्या होत्या, तरी दुसरे युद्ध झालेच. या वेळी त्यांनी शाळकरी वयाची मुले निवडली. 1947 साली 10 देशांतील 52 मुले अमेरिकेत आली, वर्षभर अमेरिकी कुटुंबांत राहिली आणि गावच्या शाळेत शिकली. त्यानंतर या एका संस्थेमार्फत गेलेल्यांची संख्या पाच लाखांवर पोचली आहे.

त्या काळचा प्रवासही लांब होता. 1947 साली अमेरिकी सरकारने ‘मरीन टायगर’ आणि ‘मरीन जंपर’ ही सैनिक वाहणारी दोन जहाजे विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध करून दिली. पुढच्या दोन दशकांत अटलांटिक ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फेऱ्या बऱ्याच काळ जहाजानेच झाल्या. त्यांतल्या ‘सेव्हन सीज’ या जहाजाची कथा तर सांगण्यासारखी आहे. ते आधी मालवाहू होते. 1941 साली अमेरिकी नौदलाने त्याला विमानवाहू बनवून ‘लाँग आयलंड’ असे नाव दिले. युद्धानंतर त्यावर निर्वासित आणि स्थलांतरित चढले, मग विद्यार्थी, आणि 1966 नंतर रॉटरडॅमच्या धक्क्यावर कायमचे बांधून त्याचे विद्यार्थ्यांचे वसतिगृह केले गेले. अटलांटिक ओलांडायला लागणारे आठ-दहा दिवस कोणालाही टाळता येत नसत, म्हणून आयोजकांनी ते कामाला लावले. जहाजावरच भाषेचे वर्ग भरत, नव्या देशाच्या रीतीभातींवर बोलणी होत, आधी जाऊन आलेले लोक शंका निरसत. घर सुटले आहे आणि नवे घर अजून आलेले नाही, अशा अवस्थेत मुलांना आठवडाभर राहायला मिळे. विमानाने ही मधली जागा काढून टाकली. मुंबईत रात्री आईच्या हातचे जेवून निघालेले मूल दुसऱ्या दिवशी परक्या स्वयंपाकघरात उभे असते. उतरल्यावर होणारे शिबिर म्हणजे त्या हरवलेल्या आठवड्याची भरपाई आहे. फार तोकडी, पण दुसरा इलाज नाही.

गट मोडायचा ही कल्पनाही कोणाला एका दिवसात सुचलेली नाही. अमेरिकेतील डोनाल्ड वॉट यांनी 1932 साली ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ सुरू केले, तेव्हा अमेरिकी आणि युरोपीय तरुणांना स्वित्झर्लंडमध्ये एकत्र शिबिरात ठेवून पाहिले. एकत्र ठेवले की मैत्री होईल, हा हिशेब होता. पण एका भाषेच्या मुलांचा घोळका एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या भाषेच्या मुलांचा दुसऱ्या, हे कुठल्याही शिबिरात होतेच. वॉट शिबिराकडून कुटुंबाकडे वळले आणि पाहुण्याने घरातला एक होऊन राहायचे, ही त्यांच्या उपक्रमाची ओळख झाली. प्रयोग म्हणून सुरू झालेल्या उपक्रमाने पहिल्या प्रयोगातून धडा घ्यावा, हे नावाला साजेसेच. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे तरुणपणी याच उपक्रमातून जर्मनीत राहून आले होते.

मराठी वाचकाला हे घरात राहणे फार परके वाटू नये. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. त्या घरांशी मुलांचे नाते फक्त ताटापुरते नसे. घरच्या कामाला हात लावावा लागे, घरच्या शिस्तीत बसावे लागे, बोलणी खावी लागत. अर्थात वार बहुतेक जातीच्या कुंपणाआतच लागत. अनोळखी घर म्हणायचे, पण जात ओळखीची. विद्यार्थी देवाणघेवाणीत हेच कुंपण काढलेले असते आणि वाराऐवजी वर्ष असते. दोन्हीकडे यजमान पैसे घेत नाहीत. अमेरिकेच्या शालेय देवाणघेवाणीच्या व्हिसा नियमांत यजमान कुटुंबाला मोबदला देता येत नाही. करात महिन्याला 50 डॉलरपर्यंतची वजावट मात्र मिळते. ही रक्कम मुलाच्या खाण्यालाही पुरणार नाही. म्हणजेच ते कुटुंब त्याला ठेवून घेते, ठेवून कमावत नाही. मुलाशी वागण्यात या फरकाचा वाटा मोठा असतो.

पण राहण्याने इतके काय होते? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली पूर्वग्रहांवरच्या ग्रंथात मांडले, की दोन समाजांतील माणसे नुसती समोरासमोर आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय समान हवे, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि या साऱ्याला संस्थेचे किंवा कायद्याचे पाठबळ असावे. पर्यटक आणि हॉटेलचा वेटर यांच्यात यातले काहीच नसते. रोज सकाळी एकाच न्हाणीघरासाठी थांबणाऱ्या, शाळेच्या एकाच संघात खेळणाऱ्या आणि एकाच आईची बोलणी खाणाऱ्या दोन मुलांत जवळजवळ सगळेच असते. थॉमस पेटिग्र्यू यांनी 1998 साली ऑलपोर्टच्या अटींत आणखी एक घातली: मैत्री व्हायला वाव हवा. मैत्रीला वेळ लागतो, म्हणजे ही मुळात मुदतीची अट आहे. पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 साली या विषयावरच्या 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संपर्क वाढला की पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो असे दिसले, आणि ऑलपोर्टच्या अटी जुळल्या तिथे परिणाम अधिक ठळक होता. संपर्काचे काम होते हे त्यातून कळते. कुठला संपर्क अधिक काम करतो तेही कळते.

मुक्काम लांब हवा म्हणताना मधल्या पडझडीचे काय, असे विचारले जाते, आणि ते योग्यच आहे. फिनिश वंशाचे कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 साली रिओ दि जानेरोत दिलेल्या व्याख्यानात ‘कल्चर शॉक’ची लक्षणे सांगितली होती. सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची नको तितकी धास्ती, कुठेतरी नजर लावून बसणे, लहानशा उशिराने भडकणे, आपल्याला फसवतील ही भीती आणि घराची भयंकर ओढ. यादी वाचली तर वाटते, की हा माणूस वसतिगृहातल्या पहिल्या महिन्याचे वर्णन करतो आहे. 1955 साली नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून प्रसिद्ध आलेख मांडला: सुरुवातीला बरे, मग घसरण, मग पुन्हा चढ. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले चांगले रुळलेले दिसले, मधले कमी. हे आकडे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात, हे मान्य केले पाहिजे. शालेय देवाणघेवाणीचे वर्ष नेमके त्या मधल्या खड्ड्यात संपते. शिवाय कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1998 साली न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर माग ठेवला, तेव्हा खड्डा मध्ये नव्हताच. सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला झालेला दिसला.

माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष मिळून लहान सहलींच्या बाजूने जात नाहीत, उलट त्यांच्याविरुद्ध जातात. वॉर्ड यांचे खरे मानले तर दहा-बारा दिवसांची सहल सर्वांत कठीण काळातच आटोपते, आणि गट सोबत असल्याने ती कठीणता जाणवतसुद्धा नाही. लिसगार्ड यांचे लोक वयाने मोठे होते, काहीतरी मिळवायला गेले होते, आणि त्यांच्यापैकी बरेच कुटुंबात राहत नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्या जेवणाच्या टेबलावर दिवसातून दोनदा बसावेच लागते. रुसून खोलीत बसता येते, पण फार वेळ नाही. आलेखाची वळणे माणसागणिक निरनिराळी असणार. सहज येणारा आणि सहज जाणारा आनंद ओलांडून पुढे काही घडायचे तर दिवस पुरेसे हवेत, एवढे मात्र दोन्हींतून निघते.

दुसरी शंका अधिक धारदार आहे. बदल होतो खरा, पण जी मुले जातात तीच मुळात धीट, मोकळी, चांगल्या घरची असतात. मग श्रेय प्रवासाला कशाला द्यायचे? याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील अभ्यासांतून मिळते, कारण त्यांत जाणारे आणि न जाणारे असे दोन्ही गट निघण्याआधीच मोजलेले होते. युलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर यांनी 2013 साली जर्मन विद्यापीठांतील मुलांबद्दल लिहिले. जाणारी मुले आधीपासूनच वेगळी होती, हे त्यांनाही दिसले. पण तो फरक वजा केल्यावरही परतलेल्यांत नव्याबद्दलचा मोकळेपणा वाढलेला आणि चिंतातुरपणा घटलेला उरला, आणि या बदलाचा बराचसा भाग परदेशात जोडलेल्या नव्या नात्यांशी जोडलेला निघाला. 2015 साली जर्मनीच्या शालेय देवाणघेवाण वर्षावर झालेल्या अभ्यासात घरी राहिलेल्यांशी तुलना करता गेलेल्यांचा आत्मसन्मान वाढलेला दिसला. ज्यांना तिथे आपण सामावलो असे वाटले, त्यांचा अधिक. स्थळ, शाळा, देखावे यांचा वाटा थोडा, माणसांचा मोठा. गट सोबत राहिला असता तर ही नवी माणसे जोडायची गरजच कोणाला पडली असती?

इथे आपल्या प्रवासी स्वभावाविषयी थोडे बोलले पाहिजे. मराठी माणसाची परदेशवारी गटाने होते आणि स्वित्झर्लंडमध्येही त्याला वरणभात मिळतो, याचे त्याला कौतुक आहे. साठीच्या जोडप्याला ते हवेच; त्यांनी कष्ट का काढावेत? पण शाळेने मुलांसाठी हीच रचना उचलली, की बारा दिवसांत मुले एकमेकांना जास्त ओळखू लागतात आणि त्या देशाला कमी.

इतिहासातला एक दाखला मात्र सगळ्याच उत्साहावर पाणी ओततो. हिटलरच्या राजवटीतील ‘नापोला’ या निवासी शाळांनी 1930 च्या दशकात इंग्लंड आणि अमेरिकेतील खासगी शाळांशी देवाणघेवाण चालवली होती. मुले गेली, राहिली, खेळली. 1939 साली युद्ध पेटायचे ते पेटलेच. देवाणघेवाणीला राजकारणी अनेकदा साधन म्हणून वापरतात, हेही उघड आहे. अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांच्या संसदांचा शालेय कार्यक्रम 1983 सालचा, म्हणजे शीतयुद्धातला. माजी सोव्हिएत देशांतील मुलांसाठी ‘फ्लेक्स’ ही योजना 1992 साली आली. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर 2002 साली मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतील मुलांसाठी ‘केनेडी-लुगार येस’ सुरू झाली, आणि तिच्यातून भारतातलीही मुले गेली. तारखा ओळीने लावल्या की हेतू लपत नाही. मुले जगात शांती आणतील, हा दावा म्हणूनच मी करणार नाही. सरकारचा हेतू एक आणि स्वयंपाकघरात भांडी पुसताना घडते ते दुसरे, एवढेच म्हणेन. सरकार व्हिसा आणि तिकीट देऊ शकते. यजमान घरातल्या आजीने काय बोलावे हे ठरवू शकत नाही. वर्षभर राहिलेले मूल त्या देशाची वाणसामानाची बिले, भांडणे आणि वंशभेदही पाहून येते. प्रचाराला एवढा तपशील परवडत नाही.

लहान मुदतीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा फ्रान्स आणि जर्मनीचा आहे. 22 जानेवारी 1963 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही देशांचे संयुक्त युवा कार्यालय स्थापन झाले. आजवर 90 लाखांहून अधिक तरुण त्याच्या कार्यक्रमांत सहभागी झाले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा मुक्काम दिवसांत किंवा आठवड्यांत मोजावा इतकाच होता. तरीही सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेल्या दोन देशांत त्याचा परिणाम कोणी नाकारत नाही. मग मुदतीचा आग्रह कशाला? कारण तिथे मुदत एका मुलाच्या वाट्याला आली नसली तरी दोन गावांच्या वाट्याला आली आहे. गावाची जोडी ठरलेली, शाळेची जोडी ठरलेली. यंदा तिकडची मुले इकडच्या घरी, पुढच्या खेपेला इकडची तिकडे, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या. थोरल्या बहिणीची यजमान मैत्रीण धाकट्या भावाच्या वेळी त्या घरात ओळखीची झालेली असते. आपल्या शाळांच्या सहली दर वर्षी नवा देश शोधतात. बारा दिवसच परवडत असतील तर निदान दर वर्षी त्याच गावी जावे आणि हॉटेलाऐवजी घरी राहावे.

मोबाइलने आणखी एक पेच आणला आहे. पूर्वी पत्र यायला-जायला आठवडे लागत. रडू आले तरी ते पत्र पोचेपर्यंत कारण संपलेले असे. आता रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो, आई ताटात काय आहे ते पाहते, आणि पोरगी शरीराने मिनेसोटात, मनाने सांगलीत राहते. मोडलेला गटही व्हॉट्सॲपवर जिवंतच असतो. संस्था पहिल्या महिन्यांत घरी कमी बोलायला सांगतात ते कडकपणासाठी नव्हे. संकटात हाक मारता आलीच पाहिजे, त्यासाठी मोबाइल उत्तमच आहे. पण रोजच्या कंटाळ्याची तक्रार घरी सांगितली की ती तिथल्या कोणाला सांगायची गरज उरत नाही, आणि ती गरज हीच तर मैत्रीची सुरुवात.

सुरक्षेचा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. 2009 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्क्रँटन इथे देवाणघेवाणीच्या मुलांना अयोग्य घरांत ठेवल्याचे उघडकीस आले आणि नियम कडक करावे लागले. यजमान घरातील प्रत्येक प्रौढाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते आणि स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी बोलावे लागते. पालकांनी संस्थेला पहिला प्रश्न विचारावा तो याचा: समन्वयक कोण, किती अंतरावर राहतो, आणि घर बदलायचे झाले तर किती दिवसांत? वर्ष वाया जाण्याची भीती तर आपल्याकडे याहून मोठी. दहावी, अकरावी, प्रवेश परीक्षा यांच्या रांगेत दहा महिने बाहेर पडणारे मूल पुष्कळदा एक वर्ष मागे पडतेच. तो खर्च खरा आहे आणि फीच्या बरोबरीने मांडला पाहिजे. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. बाकीच्यांसाठी हा श्रीमंतांचा खेळ राहतो, हेही खरे.

मात्र देवाणघेवाणीत ‘घेवाण’ही आहे, आणि तिला फी लागत नाही. एएफएसच्या भारतीय शाखेला आणि रोटरीच्या युवा कार्यक्रमाला येणाऱ्या मुलांसाठी यजमान घरे लागतात. रोटरीत तर एका मुलाला वर्षभरात सहसा एकाहून अधिक घरे लागतात. ज्यांना मूल पाठवणे जमणार नाही त्यांनी एखाद्या मुलाला काही महिने घरी ठेवून पाहावे. अमेरिकेच्या नियमांतही मुलाला स्वतंत्र खोली द्यावी अशी अट नाही. स्वतंत्र खाट असली की पुरे.